रोज एक थेंब

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी घरी. रंगांच्या दुकानातून बाळासाठीची रजा, थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. माझी बायको मिंडा कामावर रुजू झाली. तिच्या कारखान्यात थंडीची जाकिटं शिवतात आणि विनिपेगमध्ये नोव्हेंबर म्हणजे जाकीटवाल्यांची लग्नसराई. तिचा पगार माझ्यापेक्षा किंचित जास्त, त्यामुळे घरी कोणी थांबायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. म्हणजे तिने सांगितलं आणि मला पटलं.

लिगाया तीन महिन्यांची. फक्त आईच्या दुधावर. मिंडा सकाळी अंगावर पाजून जाते, जेवणाच्या सुट्टीत पंपाने दूध काढते आणि बाटल्या घरी आणून फ्रीजमध्ये ठेवते. पावडरचं दूध घरात येणार नाही, ही माझीच अट.

रजेत घरं विकायच्या लायसन्सची परीक्षा देऊन टाकणार. तान्ही मुलं दिवसातला बराचसा वेळ झोपतात असं ऐकलंय. तेवढ्या वेळात माणूस वकीलसुद्धा होईल.

ही वही माझ्यापुरती. कोणी वाचणार नाही, म्हणून खोटं लिहायचं काही कारणच नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

सरकारी नर्स येऊन गेल्या. मिसेस थोरलॅक्सन. उंच, मोठ्या पावलांच्या बाई, बूट दारातच काढून मोज्यांवर आत आल्या. बाळाचं वजन उत्तम. मग एक छोटी तपकिरी बाटली काढली. व्हिटॅमिन डी, रोज एक थेंब.

मी म्हटलं, बाळ अंगावर पितंय, आईच्या दुधात सगळं असतं. त्या म्हणाल्या, सगळं असतं, हे एक सोडून. इथल्या हिवाळ्यात उन्हाचा उपयोग नाही आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला ऊन जास्त लागतं. 'आपल्यासारख्या' म्हणताना त्या स्वतः दुधासारख्या गोऱ्या. मी निसर्ग इतका मोठा धडा विसरेल का असं विचारलं. त्या "हं" म्हणाल्या आणि बाटली टेबलावर ठेवली.

मिंडा म्हणाली, "देलियो, थेंब तुझ्याकडे. बाकीचं मला पुरे आहे."

मी म्हटलं, झालं समज. एक थेंब तर आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

थेंब वाटतो तितका सोपा नाही. बाटली उलटी धरली की थेंब तोंडाशी लोंबकळत बसतो. बोटाने टिचकी मारली तेव्हा हनुवटीवर पडला. हनुवटीवरचा मोजायचा की नाही? दुसरा द्यावा तर जास्त होईल. माहितीपत्रकात जास्त देऊ नका असं ठळक लिहिलंय. शेवटी काहीच दिलं नाही. सावधगिरी बरी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आता पद्धत बसवली आहे. सकाळच्या कॉफीबरोबर थेंब. मधले काही दिवस विसरलो असं नाही, पण कॉफीच झाली नाही. बाळ दिवसभर झोपतं असं ज्याने सांगितलं त्याला बाळ नसावं. लिगाया फक्त माझ्या खांद्यावर झोपते, खाली ठेवली की जागी. लायसन्सच्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण एका हाताने वाचतोय.

संध्याकाळी मिंडाने विचारलं, थेंब दिला का. मी हो म्हटलं. तेव्हा मी द्यायला उठतच होतो, म्हणजे हो हे हेतूच्या दृष्टीने खरंच होतं. मग बाळाला झोप लागली. झोपलेल्या बाळाला थेंबासाठी उठवणारा बाप मी नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडाभर विचार केला. माणूस हजारो वर्षं बाटलीशिवाय वाढला. माझी आई मायदेशी, बारमाही उन्हातल्या इलोइलोजवळच्या गावात आठ भावंडांत मोठी झाली, कोणाला कोणी थेंब दिला नव्हता. सगळे सरळ पायांचे. थेंब चुकतो आहे असं मला वाटत होतं, ते चुकणं नव्हतंच. आतून कुठेतरी मला पटत नव्हतं. अंग आधी शहाणं होतं, डोकं मागाहून.

मिंडाची आई खालच्या तळघरातल्या खोलीत राहते. सगळे तिला नानाय, म्हणजे आई, म्हणतात, मीही. (ती खोली मी अभ्यासासाठी ठरवली होती, पण ते असो.) नानाय मला टोटो म्हणतात, आमच्याकडे लहान मुलग्यांना म्हणतात तसं. आज दुपारी लिगायाला मांडीवर घेऊन सांगत होत्या, आमच्या गावी सकाळच्या कोवळ्या उन्हात चटई टाकून बाळाला उघडं निजवायचं, त्याने हाडं घट्ट होतात. मी जेवता जेवता थांबलो. व्हिटॅमिन डी म्हणजे दुसरं काय, ऊनच की. बाटलीत भरून विकतात इतकंच.

२४ नोव्हेंबर, सोमवार

ऊन सुरू. सोफा ओढून दक्षिणेच्या मोठ्या खिडकीखाली लावला, हीटर वाढवला, लिगायाला नुसत्या डायपरवर चादरीवर ठेवली. बाहेर उणे अठरा, आत इलोइलो. नानाय शेजारी बसून गाणं म्हणत होत्या. बाळ हसलं. मला फार बरं वाटलं. या घरात निदान एक गोष्ट माझ्या डोक्याने चालली आहे.

नानायनी विचारलं, थेंबही देतोस ना. मी म्हटलं, दोन्ही चालू आहे. त्यांनी शेल्फवरच्या बाटलीकडे एकदा बघितलं आणि पुन्हा गाणं सुरू केलं.

४ डिसेंबर, गुरुवार

ऊन दुपारी चारला संपतं. त्याची भरपाई म्हणून दुसरी योजना, मुळाशी जाणारी. बाळाला काय द्यायचं ते आईत भरायचं, दुधातून आपोआप उतरेल. आज सामन माशाचं (त्यात व्हिटॅमिन डी भरपूर) सिनिगांग केलं, चिंचेचं आंबट सार, मुळा घालून. मिंडाने दोन वाट्या घेतल्या. म्हणाली, आज काय आहे. मी म्हटलं, प्रेम. ती जाकिटांच्या दोऱ्यांनी भरलेले मोजे काढता काढता झोपून गेली.

१२ डिसेंबर, शुक्रवार

मासे रोज चालू. सामन, सार्डिन, पिकरेल, डब्यात अंडी. मिंडा म्हणाली कारखान्यात तिच्या शेजारी आता कोणी डबा उघडत नाही. बायकांनी मिळून तिची खुर्ची दाराजवळ सरकवली. मी म्हटलं, लोक जळतात. तिने विचारलं, तुला मला काही सांगायचंय का. मी म्हटलं नाही तर. तिने पुढे विचारलं नाही. इतकी थकलेली असते की प्रश्नही अर्ध्यात सोडते.

२० डिसेंबर, शनिवार

लहानशी अडचण. बाटलीतलं औषध कमीच होत नाही. मिंडाच्या लक्षात आलं तर ती उगाच काळजी करेल, आणि सणाच्या दिवसांत तिला आणखी काळजी नको. म्हणून थोडं सिंकमध्ये ओतलं. खोबरेल तेलासारखा वास आला. पाणी सोडून दिलं.

हे फसवणं नव्हे. घरात शांतता ठेवणं हेही घर सांभाळण्यातच येतं, आणि घर सध्या मी सांभाळतो.

९ जानेवारी, शुक्रवार

उणे पस्तीस. गाडी सुरू होत नाही. नाताळचं हॅम आत्ता कुठे संपलं. लिगाया पाच महिन्यांची झाली. चिडचिडी झालीय. काखेत धरून उचललं की रडते, ठेवलं की रडते. माझी पाठ गेली. परीक्षेच्या पुस्तकाचं दुसरं प्रकरण उघडून ठेवलंय, त्यावर दुधाची बाटली ठेवायची सवय लागलीय.

झोपेत तिचं डोकं घामाने ओलं होतं, उशीला गोल डाग पडतो. मिंडाने विचारलं हे असं का. मी म्हटलं, घरात ऊन आहे म्हणून. सांगताना मलाच अभिमान वाटला.

२२ जानेवारी, गुरुवार

नानायनी आंघोळ घालताना मला बोलावलं. बाळाच्या डोक्यामागे बोट ठेवून म्हणाल्या, इथे दाब. दाबलं. हाड जरासं आत गेलं आणि परत वर आलं, पिंगपाँगच्या चेंडूसारखं. नानाय माझ्याकडे बघत राहिल्या. मी म्हटलं, नानाय, मेंदू वाढतोय, त्याला जागा लागते. हुशार मुलांचं असंच असतं.

त्या म्हणाल्या, "टोटो, थेंब देतोस ना?"

मी म्हटलं, देतो. त्यांनी टॉवेल गुंडाळला आणि बाळाला घेऊन खाली गेल्या. आज दिवसभर वर आल्या नाहीत. वयानुसार माणसं हळवी होतात.

१० फेब्रुवारी, मंगळवार

सहा महिन्यांच्या तपासणीची आज वेळ होती. हिमवादळाचा इशारा होता म्हणून मी फोन करून पुढे ढकलली. वादळ दुपारनंतर आलं, पण आलं. मार्चमधली तारीख मिळाली.

मिंडाच्या कारखान्यातल्या एका बाईचं बाळ आपल्या लिगायाएवढंच आहे आणि ते बसतं. आपली टेकू काढला की कलंडते. मी म्हटलं, काही मुलं कामाची असतात, काही विचाराची. मिंडा बराच वेळ बाळाच्या पायांकडे बघत होती. मग उठून दूध काढायला गेली. पंपाचा आवाज भिंतीतून येत राहिला.

१४ फेब्रुवारी, शनिवार

संकल्प. सोमवारपासून थेंब. माझ्या विचारात काही चूक आहे म्हणून नाही, पण दोन्ही बाजूंनी असलेलं बरं. ऊन आहेच, थेंबही असू दे.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज लुई रियेलच्या नावाची सुट्टी. सुट्टीच्या दिवशी नवीन गोष्ट सुरू केली की ती टिकत नाही. उद्यापासून.

१८ फेब्रुवारी, बुधवार

काल आणि आज थेंब दिला. दोन्ही दिवस नीट जिभेवर. पण बाळाला दोन दिवस शी झाली नाही. आता हे थेंबामुळे की नानायनी सुरू केलेल्या पातळ भातामुळे, सांगता येत नाही. शास्त्रात एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. भात तर बंद करता येणार नाही, नानाय रागावतील. थेंब थांबवला.

११ मार्च, बुधवार

बाळाला आकडी आली. सकाळी खिडकीखाली. आधी हात थरथरले, मला वाटलं खेळतेय. मग डोळे एकीकडे फिरून तिथेच राहिले, सगळं अंग ताठ, ओठ निळे. मी तिचं नाव घेत राहिलो. नानायनी तिला कुशीवर वळवलं आणि मला फोन कर म्हणाल्या. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांना पत्ता सांगताना मला घराचा नंबर आठवेना.

दवाखान्यात आहोत. थांबली आकडी. जास्त लिहवत नाही.

१२ मार्च, गुरुवार

झोपली आहे. हाताला सलाईन, पायाला वायर. बारीकशी मान.

डॉ. ओयेलारन नावाच्या बाई बघतात. शांत बोलतात, खाली बसून बोलतात. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं होतं, त्याने आकडी आली. ते उतरलं कारण व्हिटॅमिन डी जवळजवळ नाहीच. मनगटाचा एक्स-रे दाखवला. हाडाची टोकं कडेला पसरलेली, उसवलेल्या कापडासारखी. मुडदूस. मला वाटायचं हा आजार जुन्या काळचा, आजीच्या गोष्टींतला. त्या म्हणाल्या, या शहरात दर हिवाळ्यात एखाददुसरं मूल येतं, आणि बहुतेक अंगावर पिणारं असतं. दूध उत्तम, पण त्यात हे एक उतरत नाही. आईच्याच अंगात कमी असेल तर आणखीच नाही, आणि मिंडा तर अंधारात जाते, अंधारात येते.

मिंडाने विचारलं, मी एवढे मासे खाल्ले त्याचं काय. त्या म्हणाल्या, तुम्हाला चांगलेच, बाळापर्यंत तेवढं पोचत नाही. मी खिडकीचं विचारलं. त्या म्हणाल्या, उन्हातलं जे हाडांना लागतं ते काचेतून आत येत नाही. मी मान हलवली, जणू मला हे कुठेतरी वाचल्यासारखं आठवतंय.

बाळ पूर्ण बरं होईल म्हणाल्या. औषधं, काही महिने. मग सहज विचारावं तसं विचारलं, थेंब देत होतात का.

मिंडा म्हणाली, रोज. नवरा देतो.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं. शब्द जुळवत होतो, कुठून सुरुवात करावी ते. तेवढ्यात नानाय बोलल्या.

"मी बंद करायला सांगितलं. आमच्याकडे ऊन देतात. मी म्हटलं, ऊन पुरे, औषध नको. पोराने माझं ऐकलं."

मी तोंड मिटलं.

१३ मार्च, शुक्रवार

विचार केला. नानायना खरंच तसं वाटत असणार. ऊन ही कल्पना मुळात त्यांचीच. मी ती पुढे नेली इतकंच. शिवाय वयस्कर बाईला चार माणसांत खोटं पाडणं आमच्याकडे बरं दिसत नाही. वेळ आली की बोलेन. आत्ता मिंडाला झोपेची गरज आहे.

१६ मार्च, सोमवार

घरी आलो. मिंडाने आठवडाभर रजा घेतली. औषधं तीच देते. मला बाटली धरायलाही सांगत नाही. मी खिडकीखालचा सोफा परत जागेवर लावला, कोणी काही म्हटलं नाही.

आई-मुलीत बोलणं नाही. जेवताना ताट सरकवतात तेवढंच. नानाय म्हणाल्या, एदिथाकडे जाऊन येते. एदिथा म्हणजे मिंडाची बहीण, ब्रँडनला असते. मिंडा जा किंवा राहा काहीच म्हणाली नाही.

१८ मार्च, बुधवार

नानायना बसवर सोडलं. त्यांची जुनी बॅग, चाकं गेलेली. थांब्यावर वारा होता. आज सगळं सांगून टाकायचं असं घरूनच ठरवून निघालो होतो. सुरुवातीचं वाक्यही तयार होतं. पण बस वेळेवर आली. इथे बस कधी वेळेवर येत नाही.

पायरीवर चढून त्या वळल्या. म्हणाल्या, "टोटो, तिला काखेतून उचलू नकोस, कुल्ल्याखाली हात घाल. हाडं दुखतात तिची."

मी बरं म्हटलं.

२३ मार्च, सोमवार

मिंडा कामावर गेली. जाताना तिने बाळाला थेंब दिला, औषध पाजलं, बाटल्या पर्समध्ये टाकल्या आणि गेली. मला दूध गरम करायचं काम आहे. घर फार शांत आहे. तळघरातून कोणी गाणं म्हणत नाही.

सांगायचं आहेच. पण सोमवारी ती दमून येते. शनिवारी सांगेन.

२८ मार्च, शनिवार

आज लिगायाला पुन्हा रक्त काढायला नेलं. त्यात दिवस गेला. उद्या झावळ्यांचा रविवार, चर्चमध्ये गर्दी असते, घरी कोणी ना कोणी येतं. पुढचा आठवडा तर पवित्र आठवडा. अशा दिवसांत घरात वाद नको. ईस्टर झाला की लगेच.

५ एप्रिल, रविवार

ईस्टर. बायबिंगका, आमचा तांदळाचा केक, आणली विकत, नानाय करतात तशी लागली नाही. एदिथाने फोनवर बाळाला बघितलं. मागे नानाय भांडी पुसत होत्या, जवळ आल्या नाहीत. मिंडाने फोन माझ्या हातात दिला आणि खोलीत गेली. मी नानायना हात केला. त्यांनी ओला हात वर केला.

झोपताना मिंडाला म्हटलं, तू आईवर इतकी रागावू नकोस. ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं मी जरा मोठेपणाने वागलो.

९ एप्रिल, गुरुवार

चांगली बातमी. कॅल्शियम जागेवर. डॉ. ओयेलारन खूश. आणि दवाखान्यात तपासायच्या टेबलावर लिगाया आधार न घेता बसली, क्षणभर, मग मिंडाच्या हातावर कलंडली. मिंडा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला नाही, पण त्याच्याकडे सरकलीही नाही.

आता सगळं मार्गी लागतंय. खरं तर आता सांगून काय साधणार, असाही एक विचार आहे. बाळ बरं झालं. नानाय एदिथाकडे मजेत असतील, तिथे नातवंडं मोठी आहेत.

जेवण गेलं नाही.

१२ एप्रिल, रविवार

सांगितलं.

चर्चमधून आल्यावर. मिंडा पलंगावर झबल्यांच्या घड्या घालत होती, बाळ शेजारी उशांमध्ये बसवलेलं. मी दारातच उभा राहिलो. तयार केलेलं वाक्य लांब होतं, त्यात निसर्ग होता, माझी आई होती, इलोइलो होतं. ते आठवलंच नाही.

मी म्हटलं, "थेंब मीच देत नव्हतो. नानायनी मला काही सांगितलं नव्हतं. त्या तर विचारायच्या."

तिने घडी घालणं थांबवलं नाही. "माहीत आहे."

मी विचारलं कधीपासून.

"दवाखान्यापासून. आई खरं बोलते तेव्हा जमिनीकडे बघते. त्या दिवशी डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून बोलली."

मी म्हटलं, मग तू तिच्याशी बोलत का नव्हतीस. ती म्हणाली, मी रोज बोलते, दुपारी, कारखान्यातून. तुझ्यासमोर बोलता येत नव्हतं. तुझ्यासमोर तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं ते मला माहीत होतं, आणि आईने मला शपथ घातली होती. मिंडा पुढे म्हणाली, "आईला भरलेली बाटली दिसत होती. मुलीच्या संसारात बोलायचं नाही म्हणून गप्प राहिले, तर माझीही चूक आहे, असं म्हणते ती. आणि म्हणाली, देलियो स्वतः सांगेल. त्याला थोडा वेळ दे."

खाली रस्त्यावरून बर्फ वितळल्याचं पाणी वाहत होतं.

"रोज दुपारी विचारायची," मिंडा म्हणाली, "बोलला का. मी रोज नाही म्हणायचे. मग ती म्हणायची, उद्या बोलेल."

मग तिने मला एकच विचारलं. रोज संध्याकाळी मी दार उघडून आत यायचे, विचारायचे दिला का, आणि तू माझ्याकडे बघून हो म्हणायचास. ते तुला कसं जमायचं?

माझ्याकडे उत्तरं होती. ही वही त्यांनी भरली आहे. त्यातलं एकही तोंडातून काढण्यासारखं नव्हतं. बाळ कलंडलं. मिंडाने त्याला उचललं, कुल्ल्याखाली हात घालून, आणि स्वयंपाकघरात गेली.

१५ एप्रिल, बुधवार

मिंडा माझ्याशी बोलते. डायपर संपले, दूध उतू चाललंय, फोन वाजतोय. ओरडली असती तर मला काही म्हणता आलं असतं. दुकानात फोन करून विचारलं रजा लवकर संपवता येईल का. ते म्हणाले जूनपर्यंत दुसरा माणूस ठेवलाय.

शनिवारी नानाय परत येणार. मी त्यांची माफी मागणार. बसल्या बसल्या नाही, उभं राहून, आमच्याकडे मोठ्यांचा आशीर्वाद घेतात तसा त्यांचा हात कपाळाला लावून. काय बोलायचं ते दोनदा म्हणून बघितलं, ठीक वाटतं.

१८ एप्रिल, शनिवार

मिंडा सकाळी गाडी घेऊन ब्रँडनला गेली, लिगायाला घेऊन. मला ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही. मी दिवसभर घर झाडलं, तळघरातल्या पलंगावर धुतलेल्या चादरी घातल्या, कोंबडीचं अदोबो करून ठेवलं. मग दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिलो.

संध्याकाळी आल्या. नानायच्या कडेवर बाळ, झोपलेलं. मी उठलो, पुढे झालो, हात पुढे केला. नानायचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्यांनी बूट काढले, बाळाला नीट खांद्यावर घेतलं, माझ्या बाजूने पुढे गेल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून मागे वळल्या.

"टोटो, जेवलास का?"

मी हो म्हटलं.

जेवलो नव्हतो.